सोनेरी बॉटलब्रश: मराठवाड्याच्या अंगणात सुगंधी पानांचे झुडूप कसे वाढवावे

एप्रिलच्या दुपारी जास्वंद मान टाकते, तगरीची पाने लोंबतात आणि संध्याकाळी बादलीभर पाणी पडले की दोन्ही झाडे पुन्हा तरतरीत उभी राहतात. त्यांची तहान घरातल्या कोणालाही, अगदी झाडांकडे कधी न पाहणाऱ्या माणसालाही, दिसते. ज्या झुडपाविषयी येथे लिहीत आहे त्याचे तसे नाही. सोनेरी बॉटलब्रशची पाने सुईसारखी बारीक आणि ताठ असल्यामुळे ते तहानले तरी लोंबत नाही आणि त्याचा रंगही लगेच उतरत नाही. माझे पहिले झाड मेल्यानंतरही आठ-दहा दिवस सोनेरी दिसत होते. एके सकाळी सहज फांदीवरून हात फिरवला तेव्हा पाने भाजलेल्या जिऱ्यासारखी कुरकुरत मुठीत आली, आणि गेला आठवडाभर आपण वाळलेल्या झाडाला पाणी घालत होतो हे तेव्हा लक्षात आले. या झाडाला मराठवाड्याचे ऊन मानवते आणि येथील भारी जमीनही ते सोसते. नवख्यांच्या हातून ते जाते ते बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे. म्हणूनच या लेखात पाण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

झाडाची ओळख

रोपवाटिकेत या झाडाला गोल्डन बॉटलब्रश म्हणतात, काही ठिकाणी गोल्डन सायप्रस म्हणतात, आणि एखादा विक्रेता त्याला सरळ ‘सोनेरी सुरू’ असेही सांगतो. पाने दुरून तशी दिसत असली तरी सुरूशी किंवा सायप्रसशी त्याचा काही संबंध नाही. त्याचे शास्त्रीय नाव मेलाल्युका ब्रॅक्टिएटा असून ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे आहे, आणि फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रानातील मूळ झाड हिरवे असते. बागेत लावतात तो त्यातून निवडलेला सोनेरी पानांचा प्रकार असून ‘रेव्होल्यूशन गोल्ड’ आणि ‘गोल्डन जेम’ ही त्याची प्रचलित नावे आहेत. जांभूळ, पेरू, निलगिरी आणि लवंग ज्या कुळात मोडतात त्याच कुळातले हे झाड आहे, आणि ही नातीगोती नाकाला लगेच पटतात. कोवळा शेंडा दोन बोटांत चुरडून वास घ्यावा. आधी निलगिरीसारखा थंड झोत येतो आणि क्षणभराने मागून लवंगेच्या वळणाचा, थोडा गोडसर वास उरतो.

हा वास मुख्यतः मिथाइल युजेनॉल या घटकाचा असतो. आंब्याच्या आणि पेरूच्या बागेत फळमाशीचे नर पकडण्यासाठी जे सापळे टांगतात त्यांत हेच द्रव्य वापरतात, त्यामुळे बागायतदारांना हे नाव परके नाही. वास लवंगेचा आला म्हणून पाने चहात किंवा काढ्यात मात्र घालू नयेत; हे शोभेचे झाड आहे, औषधी नव्हे.

दोन गैरसमज खरेदीच्या आधीच दूर व्हावेत. पहिला नावातून येतो. उद्यानांत आणि रस्त्याच्या दुभाजकांवर लाल, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुले येणारा बॉटलब्रश सर्वांनी पाहिलेला असतो, आणि सोनेरी झाड घेऊन गेलेली माणसे वर्षानुवर्षे त्या लाल फुलांची वाट पाहत बसतात. या झाडाला फुले येतात ती बारीक आणि मळकट पांढरी, आणि सतत छाटणी होत असेल तर तीही फारशी दिसत नाहीत. दुसरा गैरसमज सुगंधाचा आहे. मोगरा किंवा रातराणी जशी अंगणभर दरवळते तसे हे झाड दरवळत नाही. पानाला स्पर्श झाला, छाटणी केली, किंवा तापलेल्या दिवसानंतर पावसाची सर आली, म्हणजे वास सुटतो. त्यामुळे ते कोपऱ्यात उभे करून ठेवण्यापेक्षा फाटकाजवळ किंवा पायवाटेच्या कडेला, येता-जाता खांदा घासेल अशा बेताने लावावे.

जागा निवडताना

पानांचा सोनेरी रंग उन्हावर अवलंबून असतो. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळाले तर बाहेरचे शेंडे पिवळेधमक होतात. कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीत तेच झाड पोपटी, आणि नंतर साधे हिरवे होत जाते. याचे प्रत्यंतर एकाच झाडावर पाहता येते. बाहेरची पाने बाजूला सारून आत डोकावले तर ऊन न पोचलेली पाने हिरवी दिसतात आणि त्याहून आत, खोडाजवळ, पानेच नसतात. पुढे छाटणीच्या वेळी ही आतली उघडी जागा लक्षात ठेवावी लागते.

मराठवाड्यातल्या इतर शोभेच्या झाडांना पश्चिमेच्या उन्हापासून वाचवावे लागते. या झाडाला तशी गरज नाही. पारा ४२ अंशांवर गेला तरी मुळाशी ओल असेल तर पान करपत नाही. तथापि पश्चिमेला सिमेंटचे अंगण किंवा पत्र्याची भिंत असेल तर तेथील झळ मुळांच्या भागातली माती फार लवकर सुकवते, आणि ते टाळलेले बरे.

न छाटता वाढू दिलेले झाड काही वर्षांत दहा-बारा फूट, चांगल्या जमिनीत त्याहूनही उंच जाते. म्हणून ते भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून पाच-सहा फूट दूर लावावे आणि डोक्यावर विजेची तार नाही हे पाहावे. कुंपण करायचे असल्यास दोन रोपांत तीन फूट अंतर पुरते. सुरुवातीला हे अंतर फार वाटते आणि मधे आणखी एक रोप घुसवण्याचा मोह होतो, पण दाटीने लावलेल्या रोपांचा खालचा भाग ऊन न मिळाल्याने लवकर बोडका होतो.

रोप विकत घेणे

या झाडाची मुळे डिवचलेली त्याला मुळीच सोसत नाहीत, आणि रोप निवडताना हीच बाब सर्वांत महत्त्वाची ठरते. काही ठिकाणी रोपे शेतात वाढवून, विक्रीच्या वेळी मातीच्या गड्ड्यासह उपटून, तो गड्डा गोणपाटात बांधून देतात. असे रोप उंच, भरगच्च आणि उंचीच्या मानाने स्वस्त दिसते. वर ज्या पहिल्या झाडाचा उल्लेख केला ते असेच पाच फुटी होते. विक्रेत्याने गड्डा पक्का असल्याचे सांगितले आणि मीही वरवर दाबून पाहून खूश झालो. वाळलेले झाड काढले तेव्हा चिकण मातीच्या गोळ्यात पेन्सिलीएवढी चार मुळे कुदळीने सरळ कापलेली होती आणि तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. तेव्हापासून मी दोन फुटांच्या आतबाहेरचे, पिशवीतच वाढलेले रोप घेतो. ते तीन वर्षांत उंच रोपाला गाठते.

रोप हातात घेतल्यावर खोडाला धरून हलके हलवून पाहावे. माती आणि खोड एकत्र हलले तर मुळांनी माती धरली आहे असे समजावे, खोड एकटेच डगमगत असेल तर रोप नुकतेच पिशवीत भरलेले आहे. पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी बारीक मुळे डोकावत असतील तर उत्तम, पण जाड तपकिरी मुळे जमिनीत शिरलेली असतील तर ती तोडूनच रोप उचलावे लागेल, म्हणून ते टाळावे. शेवटी मूठभर पानांवरून हात फिरवावा. मऊ लागले आणि हाताला वास आला तर रोप जिवंत आहे. हा स्पर्श हाताच्या ओळखीचा करून घ्यावा, कारण पुढे पाण्याचा अंदाज याच स्पर्शाने घ्यायचा आहे.

जमीन आणि खड्डा

मराठवाड्याची बहुतेक माती बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती आहे. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातून पाणी लवकर खाली जात नाही. सुकली की आकसते आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा नुसत्या दिसायला वाईट नसतात. त्या पडताना बारीक मुळे तुटतात आणि खोलवरची ओलही त्यांतून उडून जाते. मातीत बहुधा चुनखडी असते आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. आम्लधर्मी जमीन मागणारा अनंत येथे दोन वर्षांत फिका पडतो तो याच कारणाने. मेलाल्युका या बाबतीत पुष्कळ सोशिक आहे. ऑस्ट्रेलियात ते ओढ्याकाठच्या भारी मातीतही वाढते, म्हणून काळी माती पूर्ण उपसून लाल माती आणून भरण्याचा खर्च करू नये.

शहरातल्या नव्या घरांच्या अंगणात मात्र माती हा शब्दच थोडा सैल वापरला जातो. तेथे वरचा सहा इंचांचा थर सोडला की खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंट-माल आणि फरशीचा चुरा लागतो. हा राडारोडा निदान खड्ड्यापुरता तरी पूर्ण काढावा. जमीन चोपण असल्याची शंका असेल, म्हणजे पाणी पृष्ठभागावर साचून राहत असेल आणि वाळल्यावर वर पांढरट पापुद्रा येत असेल, तर आधी माती तपासून घ्यावी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रे येथे ही चौकशी करता येते.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल घ्यावा. उन्हाळ्यात, म्हणजे मे महिन्यातच, तो खणून तापू द्यावा. लागवडीपूर्वी तो एकदा पाण्याने काठोकाठ भरून दुसऱ्या दिवशी पाहावे. चोवीस तासांनंतरही तळाला पाणी उभे असेल तर तो खड्डा नसून हौद आहे, आणि पावसाळ्यात मुळे त्यात गुदमरतील. अशा जागी खोल खड्डा करून त्यात नुसती भुसभुशीत माती भरणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण भोवतालच्या चिकण मातीतले पाणीही त्याच भुसभुशीत खड्ड्यात येऊन साचते. त्याऐवजी खड्डा फूटभरच खोल ठेवून वर फूटभर उंचीचा, तीन-चार फूट रुंदीचा मातीचा उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे.

भरणीसाठी खड्ड्यातून निघालेली माती दोन भाग, बारीक मुरूम किंवा जाड रेती एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येता कामा नये. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीची अळी आणि उधई दोन्ही येतात, आणि हुमणीने मुळे खाल्ली तरी हे झाड वरून काहीच सांगत नाही. मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड टाकावी.

लागवड

आपल्याकडे मृग लागला की झाडे लावण्याची घाई होते, परंतु जूनमधला पहिला पाऊस पुष्कळदा फसवा निघतो आणि नंतर पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. त्यामुळे एक-दोन चांगले पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल उतरल्यावर, साधारणतः जुलैच्या सुरुवातीपासून पोळ्यापर्यंत लागवड करावी. त्या वेळी हुकले तर दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरचे ऊन कमी होताना लावावे. फेब्रुवारी ते मे या काळात रोप आणले असेल तर ते पिशवीतच ठेवून सांभाळावे.

लागवडीच्या आदल्या संध्याकाळी पिशवीला भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर खड्ड्याच्या मिश्रणात पिशवीएवढी जागा करून, पिशवी तळाशी ब्लेडने गोल कापावी आणि रोप खड्ड्यात बसवल्यानंतरच उरलेली पिशवी उभी चिरून वर ओढून काढावी. या क्रमामुळे मातीचा गोळा फुटत नाही. पिशवीतल्या मातीची वरची पातळी आणि अंगणाची पातळी एकच राहिली पाहिजे. खोड दोन इंचही अधिक गाडले गेले तर बुंध्याशी ओल साचते. बाजूची माती हातानेच दाबावी, टाचेने तुडवू नये. मुळे गुंडाळलेली दिसली तर इतर झाडांप्रमाणे ती मोकळी करण्याचा प्रयत्न करू नये, तळाशी वेटोळे झालेले एखादे मूळ तेवढे कात्रीने कापावे.

खोडापासून फूटभर अंतरावर गोल आळे करावे आणि खोडाजवळची माती थोडी उंच ठेवावी, म्हणजे पाणी आळ्यात फिरते आणि बुंध्याला लागत नाही. पहिले पाणी १५ लिटरच्या बेताने, थांबत थांबत द्यावे. काठी बांधायची असल्यास ती लागवडीच्या वेळीच रोवावी. महिन्याभराने रोवलेली काठी मुळांतून जाते.

पाणी

शेतकऱ्याच्या तोंडचा वाफसा हा शब्द या झाडासाठी जणू मुद्दाम घडवलेला आहे. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला तर मोडतो, ही वाफशाची अवस्था मुळांना हवी असते. मातीचा वरचा थर पाहून तिचा अंदाज येत नाही. काळ्या मातीचा पृष्ठभाग एका दिवसात सुकून पांढरट पडतो आणि खाली चार बोटांवर ती पुरती ओली असते; मेमध्ये याच्या उलटही घडते, वर पाणी शिंपल्याने माती काळीभोर दिसते आणि वीतभर खाली भुकटी असते. म्हणून खुरपीने आळ्याच्या कडेला चार-पाच इंच खोल खणून तेथली माती मुठीत घेऊन पाहावी. पहिल्या वर्षी तरी प्रत्येक पाण्यापूर्वी हे करावे. चार-सहा आठवड्यांत आपल्या अंगणाचा हिशेब बसतो.

सुरुवातीला अंदाज म्हणून सांगायचे तर, पहिल्या वर्षी पावसाची उघडीप पाच दिवसांपेक्षा लांबली तर एक बादली, हिवाळ्यात चार दिवसांनी एक बादली आणि मार्चपासून मृगापर्यंत एक दिवसाआड एक बादली पाणी लागते. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय मात्र सोडावी लागते. तेवढ्या पाण्याने वरची दोन इंच माती ओली होते, मुळे तेथेच घुटमळतात, आणि घरातली माणसे चार दिवस गावी गेली की झाड संपते. ठिबक बसवायचे असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर खोडाच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर ठेवावेत आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड सव्वा तास चालवावेत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ड्रिपर आणखी फूटभर बाहेर सरकवावेत, कारण पाणी शोषणारी मुळे तोवर तेथे पोचलेली असतात.

झाड अगदीच मुके असते असे मात्र नाही. त्याचे अगदी टोकाचे, बोटाच्या पेराएवढे कोवळे शेंडे पाणी कमी पडले की किंचित झुकतात. हे सकाळी सातच्या सुमारास पाहावे, कारण दुपारी उन्हाने झुकलेला शेंडा रात्रीतून सावरतो; सकाळीही तो झुकलेला असेल तर त्याच दिवशी पाणी द्यावे. स्पर्शातही फरक पडतो. पाणी पुरेसे असताना फांदी मांजराच्या पाठीसारखी मऊ लागते, कमी पडू लागले की पाने खरखरीत होतात. पाने कुरकुरून गळू लागल्यावर दिलेले पाणी उपयोगाचे नसते. ती फांदी परत फुटत नाही.

पाणी कोणते द्यावे हाही आपल्याकडे मोठा प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यानंतर अंगणातल्या झाडाला नळाचे पाणी सोडताना या भागातल्या माणसाचा हात सहजासहजी पुढे होत नाही. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बिनदिक्कत वापरावे. साबणाचे, विशेषतः कपडे धुण्याच्या यंत्रातले पाणी देऊ नये. घरगुती आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते जमिनीतल्या मोठ्या झाडाला अधूनमधून चालते, कुंडीला रोज दिले तर दोन-तीन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोके करपू लागतात. बोअरचे पाणी जड असेल तर पावसाळ्यात छतावरचे पाणी पिंपात साठवून तेच महिन्यातून एकदा आळे भरून द्यावे, त्याने साचलेले क्षार खाली वाहून जातात.

दिलेले पाणी टिकवण्यासाठी आच्छादन हवेच. सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे पाचट आपल्याकडे मुबलक मिळते. त्याचा तीन-चार इंचांचा थर आळ्यात पसरावा, खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. भेगा पडण्याचा त्रासही याने बराच थांबतो. तरीही भेग पडलीच तर ती कोरड्या माती-शेणखताच्या मिश्रणाने भरून मगच पाणी द्यावे, नाहीतर सगळे पाणी भेगेतून खाली निघून जाते.

खत आणि छाटणी

खताचा या झाडाला फार हव्यास नाही. जूनमध्ये दोन घमेली शेणखत आणि येळवस झाल्यावर, जानेवारीअखेर, किलोभर गांडूळ खत आळ्यात मिसळले की पुरे. युरिया देऊ नये. त्याने वाढ जोमदार दिसते, पण फांद्या लांब, विरळ आणि लुळ्या होतात व झाडाची पाण्याची भूक वाढते.

छाटणीचा नियम एकच आहे, तो म्हणजे पाने असलेल्या भागातच कात्री चालवावी. वर सांगितल्याप्रमाणे झाडाच्या आतला भाग उघडा असतो, आणि तेथपर्यंत कापलेल्या जून फांदीला नवा फुटवा येईलच याची खात्री नसते. लिंबू किंवा जास्वंद जशी अर्ध्यावर छाटून टाकतात तशी सवय येथे चालत नाही. एका छाटणीत पडलेले भगदाड वर्षभर दिसत राहते. थोडे थोडे आणि वारंवार, दर दोन महिन्यांनी दोन-तीन इंच शेंडे खुडावेत. प्रत्येक खुडलेल्या शेंड्यामागून तीन-चार नवे फुटतात आणि तेच सर्वांत पिवळे असतात, त्यामुळे छाटणीनंतर तीन आठवड्यांनी झाड सर्वांत सुंदर दिसते. एप्रिल-मेमध्ये छाटू नये. शंकूचा किंवा चेंडूचा आकार द्यायचा असल्यास तळ माथ्यापेक्षा थोडा रुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते आणि झाड पायथ्याशी उघडे पडत नाही. छाटलेल्या फांद्या तेलकट असतात आणि वाळल्यावर भडकन पेटतात, म्हणून त्यांचा ढीग चुलीजवळ किंवा गवताच्या गंजीजवळ करू नये.

कुंडीतले झाड

कुंडी किमान १६ इंचांची घ्यावी. सोळा इंचांच्या कुंडीत दोन वर्षे सुखात जातात, मग मोठी कुंडी लागते. काळी माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून तिचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर नेऊ नये आणि बाकी शेणखत, रेती व थोडे कोकोपीट घालावे. गच्चीवर मेमध्ये कुंडीच्या भिंतीच तापतात, त्यासाठी कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. या दिवसांत कुंडीला सकाळी आणि सूर्यास्तानंतर असे दोनदा पाणी लागते.

पिवळेपणा आणि इतर तक्रारी

पानेच पिवळी असल्यामुळे लोहाची कमतरता या झाडावर ओळखणे अवघड जाते. जालन्याकडे चुनखडीच्या जमिनीतली मोसंबी ज्या कारणाने पिवळी पडते तेच कारण येथेही लागू होते. जमिनीत लोह असते, पण चढ्या सामूमुळे ते मुळांना मिळत नाही. निरोगी सोनेरी पानाला चमक असते आणि आतली सावलीतली पाने हिरवी असतात. शेंडे चुन्यासारखे फिकट आणि निस्तेज झाले आणि त्यांची टोके तपकिरी होऊ लागली तर लोहाचा विचार करावा. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून त्यात लिंबाचा थोडा रस टाकावा आणि ऊन उतरल्यावर पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे. जमिनीतून द्यायचे असेल तर साधे हिराकस चुनखडीत वाया जाते. कृषी सेवा केंद्रात इडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह मागावे, ते महाग असले तरी चढ्या सामूतही उपयोगी पडते.

किडी या झाडाला कमी लागतात. रस्त्यालगत धूळ बसून उन्हाळ्यात कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड झाली तर आठवड्यातून एकदा पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवावे, एवढ्याने बहुधा भागते. एकच फांदी वाळली तर ती जिवंत भागापर्यंत कापून बुंध्याजवळ उधईचा मातकट पापुद्रा दिसतो का ते पाहावे.

नवी रोपे तयार करणे

बियांपासून सोनेरी रोप मिळण्याची खात्री नसते, ती पुष्कळदा हिरवी निघतात. म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या छाटणीतून निघालेले, खाली थोडे तपकिरी आणि वर कोवळे असे चार-पाच इंचांचे शेंडे घ्यावेत. खालची निम्मी पाने ओढून न काढता कात्रीने कापावीत, कारण ओढताना साल सोलली जाते. कापलेले टोक मुळे फुटण्याच्या आयबीए पावडरीत बुडवून निम्मी रेती आणि निम्मे कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन इंच खोल खोचावे. वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून सावलीत ठेवावे आणि दर दोन दिवसांनी ती पिशवी काढून पाचेक मिनिटे वारा लागू द्यावा. मुळे फुटायला दोन महिने सहज लागतात. माझ्याकडे दहा शेंड्यांपैकी तीन किंवा चार लागतात, त्यामुळे चार रोपे हवी असतील तर डझनभर खोचावीत. शेंडा हिरवा दिसतो म्हणून मूळ फुटले असे धरू नये आणि ते पाहण्यासाठी उपटूनही पाहू नये. टोकाला नवी, उजळ पिवळी पालवी दिसली की मगच प्लॅस्टिक कायमचे काढावे. त्यानंतर महिनाभराने रोप मुळांभोवतीच्या मिश्रणासह मोठ्या पिशवीत हलवावे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच पिशवीत वाढू द्यावे.